टाळी कोणती, हशा कोणता

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. भर समारंभात निवेदकाने तुझं नावही न घेता 'आणि हे त्यांचे मिस्टर' एवढीच ओळख करून दिली, ते तुला किती लागलं असेल हे मला कळतं. आठ वर्षं एकट्याने माइक धरून लोकांना हसवलंस तू. पण त्या रागाच्या भरात सूनबाईच्या मालिका बनवणाऱ्या संस्थेतलं निर्मात्याचं काम नाकारायला निघाला आहेस, ते मला पटत नाही.

तुला गॅरी मॉर्टनबद्दल सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी मोठी हॉटेलं होती. तिथे आणि नाइटक्लबांत विनोद सांगून पोट भरणारा हा माणूस. १९६१ च्या नोव्हेंबरात त्याने लुसिल बॉलशी लग्न केलं. ती पन्नाशीची, तो तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. 'आय लव्ह लुसी' या विनोदी टीव्ही मालिकेमुळे ती अमेरिकेच्या घराघरांत पोचलेली होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिने पहिल्या नवऱ्याचा, देसी अर्नाझचा, वाटा विकत घेतला आणि देसीलू स्टुडिओचा कारभार हाती घेतला. अशा बाईच्या नवऱ्याबद्दल लोक काय बोलतात, ते तुला मी सांगायला नको.

गॅरी निर्मात्याच्या खुर्चीत बसला तो बऱ्याच पुढे. त्याआधी त्याने तिच्या मालिकेच्या रेकॉर्डिंगला आलेल्या प्रेक्षकांसाठी वॉर्म-अप केला, म्हणजे चित्रीकरणाआधी आणि मधल्या वेळात त्यांना हसवत ठेवलं. तू वॉर्म-अपला कमी लेखतोस, म्हणून यावर जरा थांबतो.

देसीलूची पद्धत १९५१ पासूनची. समोर खरे प्रेक्षक बसलेले, तीन कॅमेरे एकदम चालू आणि प्रवेश नाटकासारखा सलग. हशा तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित व्हायचा. म्हणजे प्रेक्षक थंड पडले की अख्खा भाग थंड पडला. सुरुवातीच्या काळात हे प्रेक्षक तापवायचं काम खुद्द देसी करायचा, आणि तो तर कंपनीचा अध्यक्ष होता! पुढे ती जागा गॅरीने घेतली. विनोद सांगायचे, लोकांना मोकळं करायचं, मग बायकोचं नाव पुकारायचं आणि बाजूला व्हायचं.

तू एकदा करून बघ. सेट बदलायला वीस मिनिटं लागणार असतात. तिसऱ्या रांगेतल्या आजी पर्स आवरायला लागलेल्या असतात, एक पोरगा पेंगत असतो. तुझे ठेवणीतले विनोद संपलेले असतात. मग तू त्या आजींशीच बोलायला लागतोस, त्या लाजून हसतात, त्यांच्या शेजारचे हसतात आणि रांगच्या रांग जागी होते. तेवढ्यात दिग्दर्शक हात वर करतो. तुझा पंच अर्धाच राहतो, दिवे बदलतात, सूनबाई आत येते आणि पहिल्या वाक्याला हशा घेते. त्या हशात तुझी मेहनत असते, हे प्रेक्षकांना कधीच कळत नाही. तिला मात्र नक्की कळतं. रोज नव्या लोकांसमोर उभं राहून कान असा तयार झाला, की संहिता कागदावर वाचतानाच विनोद कुठे पडणार ते तुला ऐकू येईल. निर्मात्याला याहून मोठी पुंजी कुठली असणार?

१९६८ मध्ये 'हिअर्स लुसी' सुरू झाली, तेव्हा गॅरी तिचा कार्यकारी निर्माता होता. १९७२ च्या सुरुवातीला बर्फावर स्कीइंग करताना लुसीचा पाय मोडला. धडपड आणि पडापड हेच जिचं भांडवल, तिच्या पायाला प्लास्टर! त्यांनी मालिका बंद केली नाही, प्लास्टरच कथेत घेतलं. पुढच्या हंगामात ती तशीच पडद्यावर आली. या निर्णयात कुणाचा किती हात होता, त्याची वाटणी मी करत नाही. पण रोजचं निर्मितीचं काम हे असंच असतं. हातात जे उरलं आहे त्यातून पुढचा भाग उभा करायचा. ती मालिका १९७४ पर्यंत सहा हंगाम चालली.

आता दुसरी बाजूही सांगतो. १९८६ मध्ये दोघं 'लाइफ विथ लुसी' घेऊन परत आले. ती ७५ वर्षांची, तो पुन्हा निर्माता. तेरा भाग चित्रित झाले, आठच दाखवले गेले, आणि नोव्हेंबरात वाहिनीने मालिका थांबवली. माझं मत असं, की स्टुडिओत आलेले लोक लुसीला डोळे भरून बघायला आले होते, त्यामुळे टाळ्या भरपूर पडल्या. पण टाळी माणसाच्या प्रेमापोटी पडते आणि हशा विनोदाला येतो. घरात बसलेल्या प्रेक्षकाने फक्त विनोद मोजला. अशा वेळी हा फरक ओळखून, रात्री जेवताना 'हा प्रवेश जमला नाही गं' असं म्हणणारं कुणीतरी लागतं. तिचे नोकर म्हणणार नाहीत, वाहिनीवाले म्हणणार नाहीत. तुला म्हणावं लागेल, आणि ते कठीण जाईल. चार लोकांत मात्र तोंडातून अवाक्षर काढू नकोस.

ते दोघं १९८९ मध्ये ती जाईपर्यंत एकत्र होते. सत्तावीस वर्षं.

तर काम घे. फक्त पहिले सहा महिने श्रेयनामावलीत नाव मागू नकोस, वॉर्म-अप माग. तो कसा चालतो ते बघून हुद्द्याचं आपोआप ठरेल. आणि सूनबाईशी आजच बोल. त्या समारंभाचं तुला वाईट वाटलं, हे तिला अजून माहीतच नाही असं तुझ्या पत्रावरून दिसतं. ते मला आधी सांगायला नको होतंस.

पहिलं रेकॉर्डिंग कधी आहे ते कळव. मी मागच्या रांगेत बसेन, तिथेच हशा सगळ्यात उशिरा पोचतो.

तुझा,
काका