रचना दिसली, आता मोजायला बस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची रचना स्क्रीनवर फिरवून फिरवून पाहिलीस आणि आता थेट म्युटंट, म्हणजे त्यातलं एखादं अमिनो आम्ल बदललेले नमुने, करायचे म्हणतेस. उत्साह चांगला आहे, पण जरा दमानं घे.

ट्रिप्सिनच्या भाऊबंदाचं, कायमोट्रिप्सिनचंच बघ. १९६७ मध्ये केंब्रिजला डेव्हिड ब्लो आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. साखळीतलं १९५ क्रमांकाचं सेरीन आणि ५७ क्रमांकाचं हिस्टिडीन ही अमिनो आम्लं शेजारी शेजारी दिसली. त्यांच्या मागे, पार आत दडलेलं, १०२ क्रमांकाचं अमिनो आम्ल. क्रमवारीत त्याची नोंद ॲस्परॅजीन अशी होती, म्हणजे विद्युतभार नसलेलं. त्या नकाशात नायट्रोजन कुठला नि ऑक्सिजन कुठला हे ओळखू येत नव्हतं, त्यामुळे चित्र कितीही न्याहाळलं तरी उपयोग नव्हता. ब्रायन हार्टलींच्या बाजूनं क्रमवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा ते निघालं ॲस्पार्टिक आम्ल. १९६९ मध्ये हे छापून आलं, आणि सेरीन, हिस्टिडीन, ॲस्पार्टेट हे कापण्याचं काम करणारं त्रिकूट पुरं झालं. पुढे १९८७ मध्ये ट्रिप्सिनमधलं तेच ॲस्पार्टेट मुद्दाम बदलून ॲस्परॅजीन केलं, तर कापण्याचा वेग हजारो पटींनी घसरला.

तुझा बेत १८९ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदलायचा आहे, म्हणून हेही सांगतो. कापायचं अमिनो आम्ल ज्या खाचेत बसतं, तिच्या तळाशी ट्रिप्सिनमध्ये ऋणभारित ॲस्पार्टेट आहे, म्हणून त्याला लायसीन-आर्जिनीन ही धनभारित अमिनो आम्लं आवडतात. कायमोट्रिप्सिनमध्ये तिथे सेरीन. कुणालाही वाटेल, एवढं एक बदललं की झालं! झालं नाही. हाती आलं ते धड ना ट्रिप्सिन, धड ना कायमोट्रिप्सिन. लिझबेथ हेडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की पृष्ठभागावरचे दोन लूपही (साखळीचे वळसे) बदलावे लागतात, आणि हे लूप सबस्ट्रेटला, म्हणजे कापल्या जाणाऱ्या पदार्थाला, शिवतसुद्धा नाहीत. मला तर या सगळ्या विषयात हाच शोध सर्वांत आवडतो.

तेव्हा आधी साधं ट्रिप्सिन नीट मोज. त्याचा स्टॉक (साठ्याचं द्रावण) १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बर्फावर ठेव. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, तसंच सोडलंस तर ते स्वतःलाच कापत बसतं. बापना (BAPNA) हे कापलं गेलं की रंग देणारं सबस्ट्रेट घातल्यावर पिवळा रंग चढतो, तो ४१० नॅनोमीटरला बघ. रेषा वाकायला लागली की लगेच सबस्ट्रेट संपलं म्हणू नकोस. एन्झाइम निम्मं घेऊन पुन्हा चालव आणि दोन्ही आलेख वेळ गुणिले एन्झाइम या अक्षावर काढ. एकमेकांवर बसले तर एन्झाइम शाबूत आहे. नाही बसले तर ते वाटेत मरतंय. बफरमध्ये थोडं कॅल्शियम घालून बघ.

हे दोन आलेख मला पाठव. प्राइमरची, म्हणजे म्युटंट करायला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, ऑर्डर त्यानंतर.

तुझा,
सर