अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या यादीतला १८ आकडी लास्ट लॉगऑन तारखेत कसा बदलायचा?

तुम्ही वडोदऱ्याचेच दिसता. मी इथे मकरपुऱ्याला एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो, आणि दरवर्षी ऑडिटच्या आधी हीच यादी माझ्याही हातात असते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे कंपनीतल्या संगणक-खात्यांची मध्यवर्ती नोंद, आणि लास्ट लॉगऑन म्हणजे खात्यात शेवटचं लॉगिन कधी झालं ती वेळ. हा आकडा म्हणजे १ जानेवारी १६०१ पासून त्या लॉगिनपर्यंत सरलेला वेळ, १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत मोजलेला. असे तुकडे सेकंदाला १ कोटी, म्हणजे दिवसाला ८६,४०० कोटी. एक्सेलमध्ये आकड्याला ८६४००००००००० ने (८६४ वर ९ शून्यं) भागा, १०९२०५ वजा करा आणि सेलला तारीख-वेळेचं फॉरमॅट द्या. एक्सेल १९०० पासून दिवस मोजतं, म्हणून ही वजाबाकी. एक्सेल १५ च आकडे धरतं आणि शेवटचे ३ शून्य करतं. त्याने सेकंदाचाही फरक पडत नाही, काळजी नको.

मात्र ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपल्यासाठी त्यात साडेपाच तास, म्हणजे ५.५ भागिले २४ मिळवा. हे विसरू नका. उदाहरणार्थ १३३५०००००००००००००० म्हणजे यूटीसीप्रमाणे १७ जानेवारी २०२४, रात्री ९:२०. आपल्याकडे तेव्हा १८ तारखेचे पहाटेचे २:५० झालेले असतात. रात्रपाळीच्या माणसाची हजेरी पडताळताना नेमका हाच दिवस चुकतो. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड-साधनातलं फ्रॉम-फाइल-टाइम मशीनच्या स्थानिक वेळेत उत्तर देतं, तिथे पुन्हा काही मिळवू नका.

अकाउंट एक्स्पायर्सच्या रकान्यात ० किंवा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ दिसलं तर ती तारीख नव्हे. खात्याला मुदतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. सूत्र लावण्याआधी असे सेल बाजूला काढा.

आता तुम्ही लिहिलंय की ३० दिवस लॉगिन न केलेली खाती बंद करायची आहेत. कृपया जरा थांबा. लास्ट लॉगऑन प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, वेगळा असतो आणि एकमेकांकडे जात नाही. तुमचा एक कंट्रोलर इथे आणि दुसरा इंदूरच्या शाखेत आहे. इंदूरला रोज कामावर येणारा माणूस इथल्या यादीत महिनोन्‌महिने गायब दिसेल. लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प हा दुसरा रकाना सगळीकडे पोहोचतो खरा, पण मूळ सेटिंगमध्ये तो ९ ते १४ दिवस मागे राहू शकतो. त्यामुळे एकतर दोन्ही कंट्रोलरवरून लास्ट लॉगऑन काढून त्यातली नंतरची तारीख धरा, नाहीतर टाइमस्टॅम्प घेऊन मर्यादा ४५ दिवसांची ठेवा. मी दुसरा मार्ग घेतो, आणि खातं बंद करण्याआधी त्या माणसाच्या साहेबांना फोन करतोच. बाळंतपणाच्या रजेवरची बाई परत आली आणि तिचं खातंच बंद, असं कुणाचं होऊ नये.