युरोपातील नोकऱ्या आणि भेदभावाची समजूत

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण संपवून तिथेच नोकरी शोधत आहे. युरोपीय संघाच्या पाहण्यांत स्वीडन, नेदरलँड्स, फ्रान्स येथील लोक आपल्याकडे वांशिक भेदभाव सर्रास होतो असे मोठ्या संख्येने सांगतात. लॅटव्हिया, लिथुआनियात असे म्हणणारे बरेच कमी आहेत. मग परक्यांना तिथे अधिक न्याय मिळतो, असे समजायचे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे समजू नये. युरोबॅरोमीटर या पाहणीत लोकांना त्यांच्या देशाविषयीचे मत विचारले जाते. नोकरी देणारे प्रत्यक्षात कसे वागतात, हे तिच्यात मोजले जात नाही. वांशिक भेदभाव सर्रास होतो असे म्हणणारे युरोपीय संघात २०१२ साली ५६ टक्के होते, २०१५ मध्ये ६४ आणि २०१९ मध्ये ५९ टक्के. एवढ्या थोड्या काळात मालकवर्ग आधी बिघडला आणि मग सुधारला, असे मानणे कठीण आहे. ज्या देशांत स्थलांतरितांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या आहेत आणि या विषयावर वर्षानुवर्षे जाहीर वाद झाले आहेत, तिथल्या लोकांना भेदभाव ओळखता येतो, आणि मला तर त्यांचे ‘होय’ हे जागरूकतेचेच लक्षण वाटते. जिथे परदेशातून आलेला सहकारी क्वचितच भेटतो, तिथे हा प्रश्न मनात येण्याचे कारणच कमी असते.

प्रत्यक्ष वागणूक तपासण्यासाठी संशोधक बनावट अर्ज पाठवतात. ऑस्ट्रियातील लिंझ विद्यापीठाच्या डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी जर्मनीतील कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज एकाच तरुणीचे छायाचित्र लावून पाठवले. ‘सांड्रा बाउअर’ या जर्मन नावाला १८.८ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले, ‘मेरियम ओझतुर्क’ या तुर्की नावाला १३.५ टक्के ठिकाणांहून, आणि त्याच मेरियमने छायाचित्रात डोक्याला रुमाल बांधला तेव्हा अवघ्या ४.२ टक्के ठिकाणांहून. ही तफावत आकड्यांतच दिसते. ज्या एकीला नकाराचे पत्र येते तिला त्यामागचे कारण कधीच कळत नाही, आणि म्हणूनच केवळ लोकमतावर किंवा स्वतःच्या अनुभवावर विसंबून चालत नाही.

आपल्या मुलाने मात्र हे आकडे वाचून खचून जाऊ नये. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा लागू आहे. भेदभावाची शंका यावी असे पुरावे अर्जदाराने दाखवले, तर तसे घडले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. त्यासाठी जाहिरात, पाठवलेला अर्ज आणि आलेली उत्तरे त्याने जपून ठेवावीत, आणि दावा करायचा झाल्यास नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत लेखी करावा, कारण ही मुदत साधारणपणे काटेकोरपणे पाळली जाते. तिथल्या केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी कार्यालयाकडून याबाबत मोफत सल्ला मिळतो.