पहिले पंधरा दिवस एकही पुस्तक घेऊ नकोस

प्रश्न : मॅडम, मी राधानगरी तालुक्यातली. यंदा शिवाजी विद्यापीठात एम. ए. अर्थशास्त्राला प्रवेश घेतलाय. पहिल्याच आठवड्यात पुस्तकांची यादी मिळाली. दुकानात विचारलं तर सहा पुस्तकांचे ३,८०० रुपये सांगितले. घरी दोन म्हशी आहेत. दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्यातूनच माझं खोलीभाडं आणि मेस भागते. बाबांना सांगितलं तर ते कुठूनही आणून देतील, म्हणूनच सांगवत नाही. ग्रंथालयात एकदा गेले, पण काउंटरवरची गर्दी बघून तशीच परत आले. काय करू?

उत्तर : लेकी, यादी घडी घालून वहीत ठेव आणि पहिले पंधरा दिवस एकही पुस्तक विकत घेऊ नकोस. यादीतल्या एखाद्या पुस्तकातलं एकच प्रकरण लागतं, एखादं पुस्तक तर वर्षभर कुणी उघडतही नाही. पंधरा दिवस तास झाले की आपोआप कळतं, कशावाचून अडतंय. ज्यात रोज पेन्सिलीनं खुणा कराव्या लागतात, गणितं सोडवावी लागतात, तेवढं एकच विकत घे. बाकीची ग्रंथालयातली.

आता त्या काउंटरबद्दल. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं देवघेव विभागात काढली. मुली दारातून परत जाताना दिसायच्या तेव्हा जीव तुटायचा. तू सकाळी ग्रंथालय उघडताना जा, तेव्हा गर्दी नसते. विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय तुझ्यासाठीच आहे, तिथं विचारायला संकोच कसला? एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी, बाहेर गेलेल्या पुस्तकाला नंबर लावता येतो का, हे तिन्ही प्रश्न पहिल्या दिवशीच विचारून घे.

मग मांडणीपाशी जा. पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक बघ. दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयवार क्रमांक देण्याची पद्धत, वापरणाऱ्या ग्रंथालयांत अर्थशास्त्र ३३० पासून सुरू होतं, बँकिंग ३३२ ला, सार्वजनिक वित्त ३३६ ला. यादीतलं पुस्तक जागेवर नसलं तरी हिरमुसून फिरू नकोस. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला त्याच विषयाची चार पुस्तकं उभी असतात. अनुक्रमणिका ताडून बघ, तुझं प्रकरण त्यातल्या एकात तरी सापडेल.

जुन्या प्रतीत शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीही बघ. माझ्या हाताखालच्या चिठ्ठ्यांवर मार्च-एप्रिलचे शिक्के एकमेकांवर चढलेले असायचे, आणि जुलै-ऑगस्टच्या तारखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. परीक्षेच्या तोंडावर सगळ्यांनाच तेच पुस्तक हवं असतं. तू सत्राच्या सुरुवातीलाच ने, टिपणं काढ आणि परत कर.

जुनं पुस्तक घ्यायचं तर वरच्या वर्गातल्या मुलींना विचार, परीक्षा झाल्यावर निम्म्या किमतीत देणाऱ्या भेटतील. पण विषय बघून घे. मागणी-पुरवठा, उपयोगिता, संख्याशास्त्र यांची दहा वर्षांपूर्वीची आवृत्तीही चालते. भारतीय अर्थव्यवस्था आणि करपद्धतीचं तसं नाही. २०१५ च्या जानेवारीत नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, २०१७-१८ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प बंद झाला. त्याआधीचं पुस्तक ५० रुपयांत मिळालं तरी परीक्षेत नुकसानच करेल.

चालू आकड्यांसाठी तर पुस्तक लागतच नाही. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी काढतं, ती मराठीतही असते आणि मोबाइलवर फुकट उतरवून घेता येते. ई-पीजी पाठशाळा या सरकारी संकेतस्थळावर पदव्युत्तर अर्थशास्त्राचे पाठ आहेत, तेही फुकट. मोबाइलचा नेट पुरत नसेल तर ग्रंथालयातल्या संगणकावर बसायला मिळतं का ते विचार. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मात्र काढू नकोस. ते कायद्यात बसत नाही, आणि सुट्या पानांचा तो गठ्ठा परीक्षेपर्यंत धड राहतही नाही.

कोल्हापूर शहरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालचं, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून सात वर्षांनी जुनं. तिथं अभ्यासाची नाही, पण मराठी वाचनाची भूक भागते. वर्षभर नुसतं अर्थशास्त्र वाचून मन सुकतं, म्हणून जमेल तेव्हा तिथंही जात जा.

विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, तिची चौकशीही याच आठवड्यात कर.

आणि बाबांपासून लपवू नकोस. ३,८०० चा आकडा मात्र आज सांगू नकोस. पंधरा दिवसांनी जे एक पुस्तक खरंच लागेल, त्याचं नाव आणि किंमत त्यांना सांग.