फ्री डिश एका कॉम्प्युटरला जोडून घरातल्या बाकीच्या कॉम्प्युटरवर बघायचंय, पण वायफायवर चित्र फुटतं, काय करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, खालच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला यूएसबी ट्यूनर (छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारी डबी) लावलाय, त्या कॉम्प्युटरवर चॅनेल व्यवस्थित दिसतात, पण व्हीएलसी प्लेयरमधून २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर स्ट्रीम सोडलं की वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपवर नुसते चौकोन येतात आणि तेवढ्या वेळात घरातलं सगळं नेट बसतं. म्हणून कॉम्प्युटर बदलू का असं विचारताय. अजिबात बदलू नका, कॉम्प्युटरचा यात काही दोष नाही, पैसे वाचवा.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सॅटेलाइटवरून (फ्री डिश जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्वेला आहे) जे खाली येतं ते आधीच कॉम्प्रेस होऊन आलेलं असतं, बरेच चॅनेल एमपेग-२ मध्ये आणि काही एमपेग-४ मध्ये. तुमच्या कॉम्प्युटरला त्यातलं हव्या त्या चॅनेलचं सामान वेगळं काढून जसंच्या तसं पुढे पाठवायचंय, बस. चित्र उलगडायचं काम बघणाऱ्याच्या लॅपटॉपवर होतं. साधा एसडी चॅनेल साधारण २ ते ४ एमबीपीएस खातो, म्हणजे १०० एमबीपीएसच्या जुन्या लॅनवरसुद्धा घरातली सगळी माणसं वेगवेगळं बघत बसली तरी चालेल. व्हीएलसीत स्ट्रीम करताना ट्रान्सकोडिंगची (चित्र उलगडून पुन्हा कॉम्प्रेस करायची) टिक असते ना, ती काढून टाका, बऱ्याच जणांची ती तशीच राहते आणि मग जुना प्रोसेसर उगाच तापतो आणि चित्रही आणखी खराब होतं.

आता खरी गोम. २३९ वाला पत्ता म्हणजे मल्टिकास्ट, एकदाच पाठवायचं आणि ज्याला हवं त्याने उचलायचं. केबलवर हे झकास चालतं. वायफायवर मात्र याचे हाल होतात, कारण नेहमीचं पॅकेट पोचलं की समोरचं डिव्हाइस पोच देतं, पोच आली नाही तर राउटर तेच पॅकेट परत पाठवतो, पण मल्टिकास्टला अशी पोच नसतेच, गेलं ते गेलं. वर राउटरला वाटतं की सगळ्यात लांबच्या डिव्हाइसलाही ऐकू गेलं पाहिजे म्हणून तो हे पॅकेट सगळ्यात कमी स्पीडने सोडतो, २.४ गिगाहर्ट्झवर तो १ एमबीपीएस किंवा ६ एमबीपीएस असू शकतो. आता ३ एमबीपीएसचा चॅनेल ६ च्या स्पीडने हवेत सोडला तर अर्ध्याहून जास्त वेळ हवा तुमच्या टीव्हीनेच अडवलेली, १ च्या स्पीडने तर तो मावणारच नाही. तुमचं नेट बसतं ते यामुळे.

चौकोन का येतात तेही सांगतो. डिजिटल टीव्हीचा प्रवाह १८८ बाइटच्या पॅकेटात असतो आणि नेटवर्कच्या १५०० बाइटच्या पॅकेटात अशी ७ बसतात (१३१६ बाइट होतात), त्यामुळे हवेत एक हरवलं की एकदम सातचा घास जातो. आणि एमपेगमध्ये पुढचं चित्र मागच्या चित्रावर बेतलेलं असतं म्हणून तो डाग पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, तसाच रेंगाळतो, आणि तेवढ्यात दुसरं हरवतं. बघणाऱ्याला वाटतं सिग्नल खराब आहे.

तर उपाय काय, मल्टिकास्ट सोडा आणि प्रत्येक बघणाऱ्याला एचटीटीपीवरून स्वतंत्र स्ट्रीम द्या. व्हीएलसीतही एचटीटीपी आउटपुट आहे, पण चॅनेल बदलायचा तर खाली जाऊन बदलावा लागतो, रोज वापरायला त्यात मजा नाही. व्हीएलसीला मी नावं ठेवत नाहीये हां, त्याचा जन्मच या कामासाठी झालाय, १९९६ साली पॅरिसच्या एकोल सेंत्राल कॉलेजातल्या पोरांनी सॅटेलाइटचा टीव्ही कॅम्पसच्या नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत न्यायचा म्हणून तो प्रोजेक्ट सुरू केला, व्हीएलसी हा त्यातला बघणाऱ्याच्या बाजूचा भाग, २००१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. आजही बघायला तोच वापरा, फक्त पाठवायला दुसरं घ्या.

पाठवायला माझं मत टीव्हीहेडएंडला, फुकट आहे, लिनक्सवर चालतं, आमच्याकडे वर्षानुवर्षं जुन्या डेस्कटॉपवर हेच चालू आहे. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही चालतं कारण चित्र उलगडायचं कामच नाही. फक्त पायला यूएसबी ट्यूनर लावणार असाल तर ट्यूनरला स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या, एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट द्यावे लागतात, ते पायच्या यूएसबीवर टाकू नका. विंडोजच ठेवायचं असेल तर नेक्स्टपीव्हीआर बघा, तेही फुकट आहे.

टीव्हीहेडएंड टाकलं की कुठल्याही ब्राउझरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी आणि पोर्ट ९९८१ टाकून पान उघडतं. तिथे डीव्हीबी-एस नावाचं नेटवर्क बनवायचं, मग ट्यूनरच्या पानावर जाऊन ट्यूनर चालू करून त्याला ते नेटवर्क जोडायचं (हे जोडणं राहिलं तर स्कॅन सुरूच होत नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो), एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, आणि फ्रिक्वेन्सी तुमच्या सध्याच्या सेट टॉप बॉक्सच्या इन्स्टॉलेशनच्या मेनूत दिसतील त्याच भरा. नेटवरच्या जुन्या याद्यांवर जाऊ नका, त्या बदलत असतात. स्कॅन झालं की सर्व्हिसेस मॅप करा, चॅनेल तयार. स्ट्रीमचा प्रोफाइल पास, म्हणजे आलंय तसंच पुढे, हाच ठेवा. युजरच्या पानावर फक्त घरच्या नेटवर्कचे आयपी चालतील असं लिहा आणि हे पोर्ट राउटरवरून बाहेर इंटरनेटला उघडू नका.

बघायला लॅपटॉपवर कोडी हा प्लेयर टाका आणि त्यात टीव्हीहेडएंडचा एचटीएसपी क्लायंट हा अ‍ॅडऑन, तो ९९८२ पोर्टवर बोलतो, चॅनेलची यादी, कार्यक्रमांचं वेळापत्रक, रेकॉर्डिंग सगळं रिमोटवर येतं. अँड्रॉइड टीव्हीवरही कोडी चालतो, आमची आई सह्याद्रीच्या बातम्या तशाच बघते, तिला मागे कॉम्प्युटर आहे याचा पत्ता नसतो. रेकॉर्डिंगला अडीच एमबीपीएसच्या चॅनेलला तासाला साधारण १.१ जीबी जागा धरा.

आणि एक चांगली बातमी, एका ट्यूनरवर एकच चॅनेल बघता येतो असं बरेच लोक धरून चालतात ते खरं नाही. ट्यूनर एका वेळी एक पूर्ण ट्रान्सपाँडर, म्हणजे सॅटेलाइटची एक फ्रिक्वेन्सी, पकडतो आणि त्यात बरेच चॅनेल एकत्र येतात, त्यामुळे एकाच ट्रान्सपाँडरवरचे वेगवेगळे चॅनेल दोघातिघांना एकदम बघता येतात. दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरचा हवा असेल तरच दुसरा ट्यूनर लागतो. जुना सेट टॉप बॉक्सही त्याच छत्रीवर चालू ठेवायचा असेल तर दोन आउटपुटवाला एलएनबी लावून घ्या, डिशवाला लगेच बसवून देतो, एकाच वायरला साधा स्प्लिटर मारून दोन्हीकडून व्होल्ट पाठवायचा उद्योग नको.

वायफायचं म्हणाल तर निदान पाठवणारा कॉम्प्युटर तरी केबलने राउटरला जोडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. तो वायफायवर असेल तर तेच सामान हवेतून दोनदा जातं, एकदा राउटरकडे आणि एकदा लॅपटॉपकडे. पट्टीतून एक कॅट-६ वायर ओढा, एकदाचं काम. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेवलात तर उत्तम, स्लॅबपलीकडे ५ पोचत नसेल तर २.४ वरही एसडी चॅनेल चालून जाईल.

यानंतरही चित्र फुटलं तर दोष कुठे आहे ते असं ओळखा. टीव्हीहेडएंडच्या स्टेटसच्या पानावर प्रत्येक स्ट्रीमपुढे कंटिन्युइटी एररचा (मधली पॅकेटं हरवल्याचा) आकडा असतो. चित्र फुटताना तो आकडा वाढतोय म्हणजे सामान येतानाच तुटकं येतंय, मग छत्रीची दिशा, एलएनबी, गच्चीवरचा कनेक्टर (त्यात पाणी गेलेलं असतं बऱ्याचदा) हे बघा. आकडा जागच्या जागी आणि तरी चित्र फुटतंय, तर तुमचं नेटवर्क. जोराचा पाऊस असेल तेव्हा मात्र काही तपासत बसू नका, केयू बँड आहे, या फ्रिक्वेन्सीला पाऊस सोसत नाही, ढग दाटले की सिग्नल पडतोच, पाऊस ओसरला की आपोआप येतो.

कबड्डी बघताना खेळाडूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतील, तो बिघाड नाही, प्रक्षेपण इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दोन खेपांत पाठवलेल्या) असतं, व्हीएलसीत किंवा कोडीत डीइंटरलेस चालू करा, जातात.

हे सगळं फ्री डिशच्या खुल्या चॅनेलपुरतं आणि आपल्या घरापुरतं आहे. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल एन्क्रिप्टेड असतात, ते या ट्यूनरवर लागणार नाहीत आणि कुणी यूट्यूबवर जुगाड दाखवत असेल तर त्याच्या नादी लागू नका. फ्री डिशवरचेही काही एमपेग-४ चॅनेल अधिकृत बॉक्सशिवाय दिसत नाहीत, स्कॅनमध्ये नाव येतं आणि पडदा काळा राहतो, तेव्हा घाबरू नका.

तुमच्या ट्यूनरचं मॉडेल लिहिलं नाहीये. काहींचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात, काहींना कंपनीचे वेगळे टाकावे लागतात आणि कर्नल अपडेट झालं की पुन्हा टाकावे लागतात. मॉडेल खाली कमेंटमध्ये टाका, त्याप्रमाणे पुढचं सांगतो.