आधी कागद, मग सॉफ्टवेअर

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुलाच्या कठड्यावर ट्रक आदळतो त्याचं सिम्युलेशन पाहिलं आणि हेच काम करावंसं वाटू लागलं. एलएस-डायना या धडकेच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचा कोर्स लगेच लावू का? घरचे म्हणतात, हे सिव्हिलवाल्यांचं काम.

उत्तर : घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. रस्त्याकडेच्या कठड्याचे खांब मातीत रोवलेले असतात, माती थोडी दबून धक्का सोसते. पुलावर माती कुठली? खांब स्लॅबच्या कडेला बोल्टांनी बसवलेला, त्यामुळे धडकेचा जोर थेट काँक्रीटमध्ये उतरतो. वाकलेला खांब बदलता येतो. स्लॅबची कड फुटली तर दुखणं मोठं. तेव्हा बोल्ट आणि काँक्रीट तुलाही शिकावं लागेल. टायर, सस्पेन्शन, चुरगळणारा पत्रा हे मात्र तुझंच क्षेत्र.

कोर्सची घाई नको. आधी कागद घे. अमेरिकेत कठडे धडक देऊन तपासायची ‘मॅश’ नावाची नियमावली आहे. तिच्यातल्या एका चाचणीत 2270 किलोचा पिकअप ताशी 100 किलोमीटर वेगाने, 25 अंशांच्या कोनात कठड्यावर सोडतात. त्याची एकूण गतिज ऊर्जा काढ : सुमारे 876 किलोज्यूल. आता वेगाचा फक्त कठड्याला काटकोनात जाणारा भाग धरून काढ. येतात 156! म्हणजे कठड्याने गाडी अडवायची नसते, वळवायची असते. हे हाताने काढलेलं असलं की पडद्यावरचा आकडा बिनसला तर डोळ्यांत खुपतो.

आणि तो बिनसतोच. सिम्युलेशन दिसायला इतकं देखणं असतं की चूक झाकली जाते. मेशचे, म्हणजे मॉडेल ज्या बारीक तुकड्यांत विभागतात त्या जाळीचे, घटक खोटेच डगमगून ऊर्जा खातात, तुटायला हवा तो बोल्ट ठणठणीत राहतो, आणि आपण मात्र उडणाऱ्या ट्रककडे बघत बसतो. (मीही पहिल्यांदा तेच केलं.) म्हणून खऱ्या धडकेशी ताडून पाहिल्याशिवाय त्या चित्राला किंमत नाही.

फक्त कठड्यांवर पोट भरणाऱ्या जागा थोड्या आहेत, हे आधीच सांगतो. पण हेच कौशल्य मोटार कंपन्यांच्या क्रॅश विभागातही चालतं.

सुट्टीत ओपनरेडिओस घे, हेही धडकेच्या सिम्युलेशनचंच सॉफ्टवेअर, आणि 2022पासून मुक्त-स्रोत आहे. एकच खांब, चार बोल्ट, एक आदळणारं वजन, बस. उत्तर हाताच्या गणिताशी जुळलं नाही तर का जुळलं नाही ते दोन पानांत लिही. नोकरीच्या अर्जाला व्हिडिओऐवजी ती पानं जोड.