फी भरण्याआधी मुलीशी बोला

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल डिप्लोमा झाली, ६८ टक्के पडले. चार महिन्यांपासून ती एका ठेकेदाराकडे सर्व्हेला जाते. पाण्याच्या पाइपलाइनी, व्हॉल्व्ह, विजेचे खांब, डीपी यांच्या जागा उपकरणानं टिपायच्या, असं काम आहे. दिवसभर उन्हात फिरावं लागतं. नात्यातले विचारतात, पोरगी खांब मोजत फिरते का? हीच लाइन करायची तर निदान ऑफिसात बसून करावी, म्हणून पुण्यातल्या सहा महिन्यांच्या ‘रिअल टाइम ट्रॅकिंग आणि जीआयएस’ (म्हणजे संगणकावरचे नकाशे) कोर्सला मी दहा हजार टोकन भरलं आहे. एकूण फी एक लाख वीस हजार, नोकरीची हमी आहे. सगळं सॅटेलाइटवरून दिसतं, मग फिल्डवर जायची गरज काय? पण ती ऐकत नाही. तुम्ही चार कडक शब्द लिहा, मी तिला वाचायला देतो. – एक पालक, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मुलीचे टक्के आहेत, नातेवाइकांचं म्हणणं आहे, फीचा आकडा आहे. तिचं स्वतःचं म्हणणं काय, याची एकही ओळ नाही. ‘ती ऐकत नाही’ एवढंच आहे. टोकन भरताना तिला विचारलं होतं का? पत्राच्या सुरावरून तरी विचारलेलं दिसत नाही. पत्रातली खरी काळजीची गोष्ट ही आहे, ६८ टक्के नव्हेत. ६८ टक्क्यांनी काही अडत नाही.

मुलाला नेमकं काय आवडतं हे कळावं म्हणून पालक पैसे मोजून ॲप्टिट्यूड टेस्ट करून घेतात. तुमच्या मुलीनं चार महिने उन्हात उभं राहून ते उत्तर दिलं आहे आणि अजून ती काम सोडायला तयार नाही. त्या उत्तराची किंमत तुमच्या लक्षात आलेली नाही. तेव्हा कडक शब्द लिहायचेच तर ते तुम्हाला उद्देशून लिहावे लागतील.

पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला, उसाच्या लागणीला बायका दिवसभर उन्हात असतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना नावं ठेवत नाही. म्हणजे नातेवाइकांना खुपतंय ते ऊन नाही. मुलगी स्वतःच्या कामासाठी गावोगाव फिरते, हे खुपतंय. तुमच्या मनात तिच्या सुरक्षिततेची काळजी असेल तर ती रास्त आहे. ती तशीच, स्पष्ट शब्दांत बोला, कारण त्या काळजीवर उपाय आहेत. ठेकेदाराला विचारा : टीम किमान दोघांची असते का? ओळखपत्र आणि ग्रामपंचायतीच्या नावाचं पत्र सोबत देता का? अंधाराआधी परत आणता का? नेमणूकपत्र आहे का, पगार बँकेत जमा होतो का? आणखी दोन गोष्टी तिला ठाऊक आहेत ना, हे तिलाच विचारा. व्हॉल्व्हच्या खोल चेंबरमध्ये उतरायचं नाही, वरूनच नोंद घ्यायची. बंद चेंबरमध्ये प्राणवायू कमी असू शकतो आणि साप तर असतातच. दुसरी गोष्ट, ११ केव्हीच्या तारांखाली रोव्हरची, म्हणजे जागा टिपायच्या यंत्राची, काठी लांबवायची नाही. ती ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची असते आणि वीज दोन्हींतून वाहते. ठेकेदार या बाबतीत टाळाटाळ करत असेल तर ठेकेदार बदला. त्यासाठी काम सोडायची गरज नाही.

आता तुमचा गैरसमज. ‘सगळं सॅटेलाइटवरून दिसतं’ हे बरोबर नाही. उपग्रहाच्या चित्रात घराचं छप्पर, रस्ता, विहीर, शेताचा बांध दिसतो. जमिनीखाली मीटरभर खोल गेलेली पीव्हीसी लाइन दिसत नाही. डांबराखाली गाडला गेलेला व्हॉल्व्ह दिसत नाही. खांब कधी सावलीवरून ओळखू येतो, पण त्यावरची तार कोणत्या डीपीवरून आली, तो डीपी कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाइनवर) आहे, खांबावरून कोणत्या घरांना जोडण्या गेल्या, हे कोणत्याही चित्रात नसतं. आणि पाणीपुरवठ्याला, वीज कंपनीला नेमकं तेच हवं असतं. जीपीएसचा उपग्रह तर चित्र काढतच नाही. तो फक्त वेळेचा आणि स्वतःच्या जागेचा संकेत पाठवतो आणि जागेचं गणित जमिनीवरचं यंत्र करतं. ते यंत्र त्या जागी घेऊन जायला माणूस लागतो.

ती व्हॉल्व्हपाशी काय करते ते एकदा बघून या. झाकण उघडायचं. व्हॉल्व्ह कोणत्या प्रकारचा, किती मिलिमीटरचा, जमिनीपासून किती खोल, कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, किती फेऱ्यांत बंद होतो, चालू आहे की गंजून अडकला आहे, चेंबरमध्ये पाणी साचलं आहे का, किल्ली कुणाकडे असते. मग फोटो, तोही मागे ओळखीची खूण दिसेल असा. यातली निम्मी माहिती गावच्या पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की गावाचा नकाशाही त्याच्यासोबत घरी जातो. त्याच्याशी नीट बोलून ती माहिती कागदावर आणणं हे कौशल्य आहे आणि ते कोणत्याही वर्गात शिकवलं जात नाही.

आता जागा टिपणं. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर चुकतो. एवढ्या चुकीत लाइन रस्त्याच्या या कडेची त्या कडेला जाते आणि जेसीबी नको तिथे खोदतो. म्हणून रोव्हर वापरतात. त्याला जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून चूक दुरुस्त करणारा संकेत मिळत असला आणि पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की ठरली) दिसत असलं तर चूक एक-दोन सेंटिमीटरवर येते. ‘फ्लोट’ (जागा अजून पक्की नाही) दिसत असेल तर तीच चूक अर्ध्या मीटरपर्यंत किंवा त्याहून जास्त असू शकते. घाईतला माणूस फ्लोटवरच नोंद दाबून पुढे जातो. दोन मीटरची काठी फक्त दोन अंश कलली तरी टोक सात सेंटिमीटर सरकतं, म्हणून काठीवरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेतला बुडबुडा मध्यावर हवाच. चिंचेच्या दाट झाडाखाली फिक्स मिळत नसेल तर जवळच्या मोकळ्या जागेत दोन बिंदू घ्यायचे आणि तिथून टेपनं अंतरं मोजून व्हॉल्व्हची जागा काढायची. काठीची उंची यंत्रात भरायला विसरलं तर दिवसभराच्या सगळ्या उंच्या दोन मीटरनं चुकतात, आणि पडद्यावर काहीच लाल होत नाही.

उंचीचं प्रकरण मुलीला नीट शिकायला सांगा, सांगली जिल्ह्यात तर विशेष. रोव्हर मुळात जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात या दोन उंच्यांत साठ मीटरहून जास्त अंतर आहे. अर्ध्या नोंदी एका पद्धतीनं आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीनं घेतल्या तर पाणी टाकीकडून गावाकडे जाण्याऐवजी कागदावर उलटं चढायला लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी किती फुटांवर आलं की कोणता डीपी बुडतो आणि कुठला पुरवठा आधी बंद करायचा, हे वेळेआधी सांगता यायचं असेल तर प्रत्येक डीपीच्या चौथऱ्याची उंची लागते, आणि पुलावरच्या फुटांचा समुद्रसपाटीच्या मीटरशी मेळ घालावा लागतो. ती उंची तिथे जाऊन, काठी धरूनच मिळते. तुमचे नातेवाईक ज्याला खांब मोजणं म्हणतात, ते हे आहे.

आता ऑफिसच्या खुर्चीचं बघू. उपग्रहचित्रावर रेघा ओढायचं काम दर नगावर चालतं, आणि त्यातला बराच भाग आता सॉफ्टवेअर स्वतःच करू लागलं आहे. फिल्ड न पाहिलेल्या माणसाची खुर्ची सगळ्यात आधी जाईल. चूक पकडू शकणारा माणूस राहील. एक उदाहरण देतो. विजेच्या लाइनचे दोन तुकडे पडद्यावर जोडलेले दिसतात, प्रत्यक्षात मध्ये वीस सेंटिमीटरची फट असते. नकाशा छापला तर सुंदर दिसतो. पण फीडर बंद पडला की कोणत्या ग्राहकांची वीज गेली, हे संगणकाला त्या रेघेवरून चालत जाऊन काढायचं असतं. तो फटीपाशी थांबतो आणि पुढची घरं यादीतून गळतात. दुसरी नेहमीची चूक अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. सांगली साधारण १६.८५ उत्तर, ७४.५६ पूर्व. आकडे उलटे भरले की तुमचा डीपी थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. ही चूक निदान लगेच दिसते. दशांशानंतर तीनच अंक ठेवले तर प्रत्येक खांब पन्नासेक मीटर इकडेतिकडे होतो, आणि तो मात्र गावातच राहतो. म्हणून ते कुणाला दिसत नाही.

कोर्सच्या नावातलं ‘रिअल टाइम’ही नीट समजून घ्या. गाळप हंगामात उसाच्या ट्रकवरचा ट्रॅकर दर ३० सेकंदांनी जागा कळवत असेल, तर ४० किमी वेगानं ट्रक तेवढ्यात ३३० मीटर पुढे गेलेला असतो. पडद्यावरचा ठिपका मागची जागा दाखवतो. शिराळ्याकडच्या डोंगरात रेंज गेली की यंत्र नोंदी साठवून नंतर एकदम पाठवतं. सॉफ्टवेअर नोंद पोचल्याची वेळ धरत असेल तर ट्रकनं उडी मारल्यासारखं दिसतं. यंत्राची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळवायचे राहिले की रात्रीची खेप दुपारची होते. कारखान्याच्या गेटभोवती ३० मीटरचं आभासी कुंपण (नकाशावर आखलेली, ओलांडली की संदेश देणारी हद्द) घातलं तर रांगेत उभा असलेला ट्रकही आत-बाहेर, आत-बाहेर असे संदेश पाठवत राहतो, कारण जागेची चूकच दहा-पंधरा मीटर असते. कुंपण शंभर मीटरचं करायचं आणि दोन मिनिटं आत राहिला तरच नोंद घ्यायची, म्हणजे हा त्रास थांबतो. पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या सेन्सरचंही तसंच. तो पातळी विजेच्या प्रवाहातून कळवतो : ४ ते २० मिलिअँपिअरच्या सेन्सरमध्ये ४ म्हणजे टाकी रिकामी आणि शून्य म्हणजे वायर तुटली. दोन्हींना ‘शून्य पाणी’ समजणारी यंत्रणा भरलेल्या टाकीत पंप चालू ठेवते. हे समजणाऱ्या माणसाला काम कमी पडणार नाही. जलजीवन मिशन २०१९ पासून आहे, वीज वितरणाची सुधारणा योजना २०२१ पासून. नकाशांच्या कामावरची बंधनं फेब्रुवारी २०२१ मध्ये बरीच सैल झाली, आणि खोदण्याआधी कळवण्याचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. या प्रत्येकाला खरा, जागेवर तपासलेला नकाशा लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत : हा कोर्स आत्ता नको. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पाण्याच्या जाळ्याचं गणित करणारं ईपानेट फुकट आहे, आणि इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएस संस्थेचे ऑनलाइन कोर्स विनाशुल्क असतात. एक लाख वीस हजारांतून ८ जीबी रॅमचा चांगला लॅपटॉप घ्या, तरी निम्म्याहून जास्त रक्कम उरेल. सहा महिन्यांत तिनं स्वतःच्या गावाची पाणी योजना एका नकाशावर पूर्ण करावी : टाकी, प्रत्येक व्हॉल्व्ह, शेवटच्या नळापर्यंतच्या लाइनी, सगळं जोडलेलं आणि तपासलेलं, यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत). अंतरं त्यात सरळ मीटरमध्ये मिळतात. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि नकाशा व्हॉट्सॲपवर फिरवू नये. पाण्याच्या व्यवस्थेची माहिती सगळ्यांच्या हाती द्यायची नसते. त्यानंतर एसक्यूएल (साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा) आणि पोस्टजीआयएस (नकाशांची माहिती साठवायचं सॉफ्टवेअर) शिकावं. मुलाखतीत हा एक नकाशा प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

पदवी हवी असेल तर डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. पुढे ‘गेट’ या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला २०२२ पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे मोजणी आणि नकाशांच्या शास्त्राचा, स्वतंत्र पेपर आहे. ज्युनियर इंजिनिअरच्या सरकारी भरत्या निघतील तेव्हा फॉर्म भरावा, पण त्यांच्या भरवशावर हातचं काम सोडू नये.

तिनं हे सगळं वाचून ‘मला तो पुण्याचा कोर्सच करायचा आहे’ असं म्हटलं, तर तोही तिचा निर्णय. मग संस्थेला लेखी विचारा : रोव्हर प्रत्यक्ष हातात किती दिवस मिळणार, नोकरीची हमी म्हणजे कोणतं पद आणि किमान किती पगार, आणि नोकरी मिळाली नाही तर फीचं काय. तोंडी उत्तर धरू नका.

आज संध्याकाळी ती घरी आली की आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर उद्याच टोकन परत मागणारा अर्ज द्या, पावतीची झेरॉक्स जोडून, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. आणि पुढचं पत्र तिला स्वतः लिहू द्या.